मालिनीबाई आणि लखनौचं ‘बिल्कुल ठीक हैं’

संस्थेत मालिनी खांबेट्यांना सगळे ‘बोतलवाली मैडम’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे. लखनौत तोंडावर कुणी काही म्हणत नाही, त्यामुळे आपलं हे बारसं झालंय हे कळायला बाईंना दोन वर्षं लागली. कळलं तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, “बरोबरच आहे की. बाटल्याच गोळा करते मी. यात लाजायचं काय?” दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण ही वाईची बाई, एक घाव दोन तुकडे.

नवऱ्याची, म्हणजे माधवरावांची, बँकेनं सत्तर साली लखनौला बदली केली आणि खांबेटे कुटुंब गेलं ते तिथलंच झालं. मालिनीबाईंनी पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेलं होतं. इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांना नोकरी लागली. तिथं आणखीही मराठी शास्त्रज्ञ होते, पण ती सगळी मंडळी मलेरियाच्या औषधांवर वगैरे मानाचं काम करायची. बाईंच्या वाट्याला आलं कुणालाच नको असलेलं काम: उदासीच्या आजाराची काही खूण शरीरात सापडते का, हे शोधायचं. मनाच्या दुखण्याची खूण म्हणे लघवीत शोधणार! जेवणाच्या सुट्टीत एकानं विचारलंसुद्धा, “मग प्रेमाचीही टेस्ट काढा ना वहिनी.” बाई शांतपणे म्हणाल्या, “आधी तुमच्या अकलेची काढते, मग बघू.” पुन्हा कुणी त्या वाटेला गेलं नाही.

काम असं होतं. कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य आपल्या शरीरात तयार होतं. ताण आला की वाढतं, ताण सरला की उतरतं. खोल नैराश्यात गेलेल्या काही माणसांत मात्र ते उतरायचं नावच घेत नाही, असं बाहेरदेशीचे लोक तेव्हा लिहायला लागले होते. मालिनीबाईंचा प्रश्न त्याच्या एक पाऊल पुढचा होता. औषधानं माणूस बरा झाला की हा आकडाही खाली येतो का? आणि माणूस बरा दिसतोय पण आकडा वरच राहिलाय, तर त्या माणसाचं पुढं काय होतं? अशा प्रश्नाचं उत्तर वर्षा-दोन वर्षांत मिळत नाही. तीच माणसं, तीच घरं, वर्षानुवर्षं धरून बसावं लागतं. मालिनीबाई बसल्या.

औषधोपचाराची बाजू डॉ. मधुसूदन टंडन यांच्याकडे होती. टंडनसाहेब अस्सल लखनवी. दाराशी आले तर आधी तुम्हाला आत जाऊ देणार, मग स्वतः, आणि तुम्हीही तसंच म्हणालात तर दोघंही दारातच. दर महिन्याला ते पेशंटला तपासायचे, ठरलेले प्रश्न विचारून गुण द्यायचे, आणि बराच काळ बरा राहिलेल्या पेशंटचं औषध हळूहळू बंद करायचे. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना एक नियम घालून दिला होता. माणूस तुम्ही बघायचा, आकडा मी बघणार, आणि माझा आकडा अभ्यास संपेपर्यंत तुम्हाला कळणार नाही. “डॉक्टरला आकडा कळला ना, की डॉक्टरला पेशंट तसाच दिसायला लागतो,” असं त्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. एका होळीला टंडनसाहेब गुजियांचा, म्हणजे तिकडच्या करंज्यांचा, डबा घेऊन घरी आले आणि हळूच म्हणाले, “बस एक मरीज़ का बता दीजिए, मैडम.” बाईंनी गुजिया ठेवून घेतल्या आणि आकडा दिला नाही.

आता बाटल्यांचं. दिवसभराची सगळी लघवी एका मोठ्या बाटलीत साठवून द्यायची. पण शरीफ घरातली बाई ती बाटली पिशवीत घालून चौकातून रिक्षानं कशी येणार? आठ जणांना बोलावलं की एक यायचा. शेवटी मालिनीबाईंनी पदर खोचला आणि स्वतः घरोघर जायला लागल्या. त्यातही गमती. एका घरातून बाटली अशी काठोकाठ आली की बाई थक्क. तपासून बघितलं तर आकडे एका अशक्त सुनेचे नसून एखाद्या पहिलवानाचे वाटावेत असे. चौकशी केली तेव्हा कळलं, की बिचाऱ्या सुनेची बाटली अर्धीच भरली होती आणि डॉक्टरनीसाहिबा इतक्या लांबून येणार, त्यांच्या हाती अर्धी बाटली कशी द्यायची, म्हणून सासूनं घरातल्या सगळ्यांना हातभार लावायला सांगितला होता. बाई हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. पण ती बाटली त्यांनी फेकून दिली आणि पुढच्या आठवड्यात त्या घरी पुन्हा गेल्या.

घरी जाण्याची रीतही त्यांना शिकावी लागली. वाईकडे काय, वाटेत घर लागलं की “काय गं, आहेस का?” म्हणत आत शिरायचं. सुरुवातीला त्यांनी तसं केलं, तेव्हा दोन-तीन घरांत दार उघडायलाच पाव तास लागला. टंडनसाहेबांनी अतिशय आडवळणानं सुचवलं, “हमारे यहाँ बग़ैर ख़बर किए किसी के घर नहीं जाते, मैडम.” बाईंना ते पटलं. जसा देश तसा वेश. तेव्हापासून त्या चार दिवस आधी पोस्टकार्ड टाकायच्या आणि ठरल्या वेळीच जायच्या. लोकांना बरं वाटलं, बाईंनाही आपण माणसात आलो असं वाटलं. इतक्या साध्या गोष्टीत पाय अडकेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं?

एक्याऐंशीच्या सुमारास बाटल्या सुटल्या आणि गोळी आली. रात्री झोपताना एक गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त द्यायचं. धडधाकट माणसाचं कॉर्टिसॉल त्या गोळीनं खाली बसतं. खोल उदासीत असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं बसत नाही. बाई रक्त काढायला शिकल्या, थर्मासमध्ये बर्फ भरून रिक्षानं गल्लीबोळ हिंडायला लागल्या. आणि आता आकडे असे स्वच्छ मिळायला लागले की त्या अलीगंजच्या घरात स्वयंपाक करता करता गुणगुणायच्या.

पण त्या स्वच्छ आकड्यांतच एक खडा लागत होता. टंडनसाहेबांनी ‘पूर्ण बरा’ म्हणून भरघोस गुण दिलेल्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांचा आकडा वरच होता. संस्थेतले लोक म्हणाले, माणूस बरा आणि आकडा वाईट, म्हणजे आकडाच खोटा, द्या सोडून. बाईंनी सोडला नाही, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चिनहटच्या कारखान्यात एक फिटर होता. बाई गेल्या की इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला असायचा, “बढ़िया हैं, बहनजी” म्हणायचा. त्याचा आकडा वाईट होता. त्याचं औषध बंद झालं आणि काही महिन्यांत त्यानं गोमतीत जीव दिला. टंडनसाहेब महिनाभर धड बोलत नव्हते. मालिनीबाईंनी आकडा तेव्हाही सांगितला नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण त्या दिवसापासून चिनहटच्या रस्त्याला जायचं म्हटलं की त्या काहीतरी कारण काढून ते पुढं ढकलायच्या.

आणि मग आली कांचन.

कांचन सक्सेना चौक भागातल्या रानीकटऱ्यात राहायची. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, नवरा सरकारी खात्यात कारकून. आजारी पडली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि स्वतःच्या मुलीलाही हाक मारायची नाही. टंडनसाहेबांच्या औषधानं तिला उतार पडला. नंतर मालिनीबाई जेव्हा जेव्हा गेल्या, तेव्हा खळ घातलेली साडी, वेणी, कपाळावर टिकली आणि समोर चहा-नमकीन. कशी आहेस विचारलं की उत्तर ठरलेलं: “आपकी दुआ से बिल्कुल ठीक हैं, दीदी.” बाईंचा तिच्यावर जीव जडला होता. वाईच्या धाकट्या बहिणीसारखी वाटायची. फक्त तिचा आकडा काही खाली बसत नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एकदा बाई तिचं रक्त घेऊन आल्या आणि घरी आल्यावर कळलं, की थर्मासचं बूच तिथंच राहिलंय. दुसऱ्या दिवशी त्यांचं काम चौकातच होतं. बुचासाठी काय कार्ड टाकायचं! वाटेत घर होतं, म्हणून त्या सरळ गेल्या. अगदी वाईच्या माहेरवाशिणीसारख्या.

सासूनं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. “अरे, आप… आज?” बाई तोवर आत शिरल्या होत्या. कांचन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांचा गुंता झालेला, अंगावर मळकी साडी. उशाशी कालचा चहा तसाच होता, त्यावर साय धरलेली. बाईंचा आवाज ऐकून ती धडपडत उठली, हातानं केस सारखे करायला लागली, आणि हसली.

“कल आप आने वाली थीं न,” सासू ओशाळून म्हणाली, “तो दो दिन पहले से हम सब लगे थे। नहलाया, कपड़े बदलवाए।”

“दर वेळी?” बाईंनी मराठीतच विचारलं. मग भानावर येऊन पुन्हा विचारलं, “हर बार?”

सासूनं मान खाली घातली. बाई खाटेच्या कडेवर बसल्या. “कांचन, मुझसे क्यों नहीं कहा?”

कांचनला खरंच कळेना, की हे विचारायचं काय कारण. ती हळू आवाजात म्हणाली, “आप इतनी दूर से आती हैं, दीदी। डॉक्टर साहब इतनी मेहनत करते हैं। आपके मुँह पर कैसे कह दें कि फ़ायदा नहीं हुआ?”

बूच घ्यायचं राहिलंच. बाई रिक्षात बसल्या आणि संस्थेत जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होत्या. त्या आणि टंडनसाहेब इतकी वर्षं आजार मोजत नव्हते, पाहुणचार मोजत होते. कार्ड टाकून जायचं म्हणजे ‘बरं व्हा, मी येतेय’ असं कळवूनच जायचं की! ओठात एक आणि पोटात एक म्हणावं, तर ह्या बिचाऱ्यांच्या ओठात तरी काय, नुसती माया. आणि खरं बोलणारं त्या घरात एकच होतं, ते म्हणजे रक्त. आकडा पहिल्यापासून बरोबर होता. हा आनंद व्हायचा क्षण, पण बाईंच्या अंगावर काटा आला. कारण पुढच्या महिन्यापासून कांचनचं औषध कमी करत आणायचं, हे ठरलेलं होतं. चिनहटच्या फिटरचं केलं तसंच.

टंडनसाहेबांना सांगावं तर नियम मोडतो. मोडतो म्हणजे नुसता कागदावरचा नाही. आकडा वाईट असलेली माणसं पुन्हा आजारी पडतात, हे सिद्ध करायला डॉक्टरला आकडा ठाऊक नसावाच लागतो. सांगितलं की डॉक्टर औषध चालू ठेवणार, माणूस आजारी पडणार नाही, आणि मग आकड्यानं काय सांगितलं याला पुरावाच उरणार नाही. दहा-बारा वर्षं त्यात गेली होती. जागतिक कीर्ती वगैरे सोडा, पण उत्तर आता खरोखर हाताशी आलं होतं.

संध्याकाळी शेंगा निवडता निवडता त्यांनी हे माधवरावांना सांगितलं. माधवराव बँकेतून आलेले, पेपर मांडीवर तसाच. ते म्हणाले, “मालू, तू काय करणार हे तुझं तुला ठाऊक आहे. मला फक्त ऐकायला बसवलंयस.”

“ठाऊक असतं तर बोलले असते का?” बाई उसळल्या. “इतक्या वर्षांचं काम आहे, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेऊ?”

त्यांची मुलगी मृणाल तेव्हा बारावीला होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, “तो बता दो न, आई। इसमें सोचना क्या है?”

“तुला काय कळतंय गं? ब्लाइंड स्टडी म्हणजे काय माहीत आहे का?”

“नहीं मालूम। इतना मालूम है कि वो आंटी मर सकती हैं।”

बाईंनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. मृणालवर त्या रागावल्या नाहीत. घरच्याच सोनारानं कान टोचले होते, आता दुखलं म्हणून ओरडणार कुणावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टंडनसाहेबांच्या खोलीत गेल्या. टंडनसाहेब उठून उभे राहिले, “तशरीफ़ रखिए.” बाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, “कांचन सक्सेना की दवा बंद मत कीजिए. उसका आकडा खराब है.” हिंदी अशी अर्धी मराठीच झाली, पण त्यांना भान नव्हतं. टंडनसाहेब बघतच राहिले. ज्या बाईंनी गुजिया खाऊन आकडा दिला नव्हता, त्या आज न मागता देत होत्या.

“मैडम, आप समझती हैं न? एक का बताया तो पूरी स्टडी गई.”

“समजतं. म्हणून एकीचा नाही देत.” बाईंनी बरोबर आणलेले सगळे कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. “सबके ले लीजिए. और जिनका ऊपर है, उनके घर बिना बताए जाइए.”

टंडनसाहेब खाली बसले. एकेक आकडा बघत गेले. बऱ्याच वेळानं त्यांचं बोट एका नावावर थांबलं. ते नाव चिनहटच्या फिटरचं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे पुसले. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

पुढचं काम धडाक्यात झालं. आकडा वर असलेल्या प्रत्येकाच्या घरी ते दोघं न कळवता गेले. टंडनसाहेबांना दर दारात मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, प्रत्येक घरी ते माफी मागून आत शिरायचे. ‘तबियत कैसी है’ हा प्रश्न बाईंनी बंदच करून टाकला. काल स्वयंपाक कुणी केला, वेणी कुणी घातली, पेशंट शेवटचा बाजारात कधी गेला, असं त्या विचारायच्या, तेही घरातल्या म्हातारीला. बहुतेक घरांत कांचनच्या घरासारखंच निघालं. कुणाचं औषध चालू ठेवलं, कुणाचं बदललं. कांचनचं बदललं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती पुन्हा शाळेत शिकवायला जायला लागली.

शहाऐंशी साली अनुदानाचं ठरवायला दिल्लीहून समिती आली. अध्यक्ष मराठीच होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही, झाला तर उलटाच. त्यांनी बाईंना सगळ्यांदेखत विचारलं, “आकडा वाईट असलेल्यांपैकी किती जण पुन्हा आजारी पडले?”

“औषध चालू ठेवल्यावर? फारच थोडे.”

“म्हणजे तुमच्या चाचणीनं काही सिद्ध झालं नाही.”

“नाही झालं.”

“आणि तुम्ही मध्ये पडला नसतात तर?”

“तर कदाचित झालं असतं,” मालिनीबाई म्हणाल्या. “मग मी तुम्हाला छान तक्ता दाखवला असता. त्यातली काही माणसं तेवढी नसती.”

अध्यक्षांनी कागद मिटले. अनुदान थांबलं. अहवालात ‘निष्कर्षाविना’ असं लिहिलं गेलं, आणि तेही खोटं नव्हतं. बाईंना पदोन्नती मिळाली नाही. त्यांच्या मागून आलेले दोघं त्यांच्या पुढं गेले, विकास नगरात त्यांनी घरंही बांधली. बाईंना याचं वाईट वाटलं का? वाटलं तर. त्या काही संत नव्हत्या. आठवडाभर त्यांनी घरात भांडी आपटली, आणि माधवरावांनी शहाणपणानं स्वतःचा चहा स्वतः केला. पण लखनौत आज अशी माणसं हिंडतायत, ज्यांना या बाईंनी स्वतःचा निष्कर्ष मोडून वाचवलं, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नाही. असं काम करणारी माणसं किती बघितलीत तुम्ही?

अभ्यास संपला तरी कांचनकडे जाणं बाईंनी सोडलं नाही. कामासाठी नाही, अशाच. कार्ड न टाकता. कांचन बरी असायची, बोलायची, शाळेतल्या मुलींनी शिवलेल्या वाकड्या-तिकड्या बाह्या दाखवायची. तरी बाईंच्या मनात एक शंका राहायचीच: ही खरंच बरी आहे, की माझ्यासाठी? आता रक्त काढायला सुई नव्हती आणि आकडाही नव्हता. तिच्या शब्दावरच भिस्त ठेवायची होती, आणि त्या शब्दानं एकदा फसवलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, धुकं पडलेलं असताना, बाई एका सकाळी रानीकटऱ्यात गेल्या. दार कांचननंच उघडलं. केस मोकळे, अंगावर कालचीच साडी. ती हसली नाही. आइए म्हणाली नाही. दाराला हात लावून तशीच उभी राहिली.

“आज चाय नहीं पिलाएँगे, दीदी,” ती म्हणाली. “कई दिन से नींद नहीं आ रही। फिर वैसा ही हो रहा है। हम ठीक नहीं हैं।”

मालिनीबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. पुढं होऊन त्यांनी कांचनचा हात धरला.

“शाल ले ले,” त्या म्हणाल्या. “रिक्शा खड़ा है।”